न बांधलेल्या घरांचा चष्मा

मित्रांनो, माझं वय अवघं चार वर्षं, आणि तरी मला सगळे 'तो जुना' म्हणतात. माणसाचं पोर चार वर्षांचं असताना अंगणवाडीत रडत जातं. आमच्या जातीत मात्र चौथ्या वर्षी केस पिकतात. मला केस नाहीत, तेवढं बरं.

मी व्हीआर हेडसेट आहे. नाव जड वाटलं तर चष्मा म्हणा. रत्नागिरीत मला कोणी दुर्बीण म्हणालं, कोणी हेल्मेट, आणि एक आजोबा तर म्हणाले, "ही घोड्याची झापडं रे!" मी कशाचा राग मानला नाही. डोळ्यांवर बसायचं आणि अजून न बांधलेलं घर दाखवायचं, एवढंच माझं काम. कागदावर ज्या घराच्या नुसत्या रेघा असतात, त्या घरात मी तुम्हांला उभं करतो. मान वळवा, खिडकी दिसेल. वर बघा, कौलं दिसतील. दोन पावलं चाला, ओटीवरून माजघरात याल. मला ना वायर लागते ना संगणक. माझा मेंदू माझ्याच पोटात, आणि पोट तुमच्या कपाळाएवढं.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो पांढरा खोका, घाटातली वळणं, आणि खोका उघडल्यावर दिसलेलं एक नाक. ते मृणालीचं होतं. मृणाली घरांची आखणी करते. लोकांना कागदावरचा नकाशा कळत नाही, 'छान, छान' म्हणतात आणि घर उभं राहिल्यावर कपाळाला हात लावतात, म्हणून तिनं मला आणलं.

पहिली दोन वर्षं काय कौतुक झालं माझं! हेदवीचे एक गुरुजी नकाशातल्या देवघरासमोर हात जोडून उभे राहिले. घरात शिरायचं म्हणून माणसं आधी चपला काढत, मग मला डोळ्यांवर चढवत. जुन्या घरांच्या ठेंगण्या दारांची सवय, म्हणून दार आलं की मान खाली घालत. भाट्याच्या एका काकांनी तर हातातला चहाचा पेला माझ्या आतल्या ओट्यावर ठेवला. ओटा होता हवेतला आणि पेला होता काचेचा. पुढे काय झालं ते सांगायला नको. काका वर म्हणाले, "ओटा जरा घसरता झालाय, मॅडम!"

एक गोष्ट मी या नोकरीत शिकलो. तोंड 'छान' म्हणतं, पण मान खरं बोलते. आवडलेल्या खिडकीशी मान थांबते, नावडत्या भिंतीवरून घसरते. मला घालणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, पण कपाळ मला टेकलेलं असतं. आठी पडली की ती मला आधी कळते.

जन्नतच्या कपाळावरची आठी मला अशीच कळली.

जयगडच्या खाडीकाठी तिचं सासर. नवरा गुलाम रसूल मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला. वर्षातले बहुतेक महिने तो दर्यावर आणि उरलेले घरी. भावांच्या भरल्या घरातून निघून त्याला आता आपलं स्वतंत्र घर बांधायचं होतं. जागा त्याच वाडीत, शेजारच्या यमुनाबाईंच्या कुंपणाला लागून. ऑफिसात त्यानं मला डोळ्यांवर लावलं आणि नुसता आनंदानं गोल फिरला. "हा हॉल! ही गॅलरी! मॅडम, खाडीतून बोटी जातील त्यांनी बघत राह्यला पायजे!"

मग जन्नतची पाळी आली. ती हॉलमध्ये थांबली नाही, गॅलरीत गेली नाही. थेट स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्यामागच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली. माझ्या आतल्या गादीला तिच्या कपाळाची घडी टोचली.

"कसं वाटलं?" नवऱ्यानं विचारलं.

"छान हाय," ती म्हणाली.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. पण मृणालीच्या फोनवर जन्नतला दिसणारं सगळं दिसत होतं. ती हुशार. तिनं फोनवरून ती भिंत किती वेळ हलली नाही ते पाहिलं आणि म्हणाली, "इथली खोली लहान आहे. आपण तुमच्याकडे येऊन पाहू. चालायला जागा हवी."

गुलाम रसूलच्या पुतणीचं लग्न नुकतंच झालं होतं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, मांडव अजून उभा होता. वर झिरझिरीत कापड, खाली सावली, आणि पळता येईल एवढी मोकळी जागा. मृणालीनं त्या जागेत माझ्यासाठी रेघ आखून घेतली, आट्यापाट्यांची पाटी आखावी तशी. अख्खं घर मावेना, म्हणून तिनं स्वयंपाकघर, मधली खोली आणि पुढचं दार तेवढं मांडलं. माझ्या भिंती दिसतात भक्कम, पण असतात हवेच्या. अडवत कोणालाच नाहीत.

"भाभी," मृणाली म्हणाली, "आता बघू नका. काम करा. समजा, दारावर मासळी आली."

जन्नत हसली. तिनं लटकी मासळी घेतली, ओट्याशी वाकून साफ केली, हात निथळले, आणि पाणी टाकायला म्हणून निघाली ती थेट भिंतीतून पलीकडे!

मांडवातली पोरं टाळ्या पिटू लागली. जन्नतला कळेचना काय झालं ते.

मग मला तिच्या सासूबाईंच्या डोळ्यांवर चढवलं. त्या म्हणाल्या, "माझा कोंबडा कुठं ओरडतो बघत्ये," आणि त्याही तिथूनच, त्याच भिंतीतून, अगदी त्याच जागेवरून गेल्या. मृणालीनं तिथं जमिनीवर खडूनं फुली मारली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून यमुनाबाई आल्या. "अगो जन्नत, काय तमाशा मांडलाय? मला पण दाखव की!"

"काकी, बाहेरून आत या बघू," मृणाली म्हणाली. "तुम्ही या घरात नेहमी येता तशाच या."

मला डोळ्यांवर घेऊन यमुनाबाईंनी एकदा पुढच्या दाराकडे पाहिलं. पितळी कडीचं मोठं दार होतं ते, गुलाम रसूलच्या खास आवडीचं. त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, घराला वळसा घातला, आणि मागून भिंतीतून आत शिरल्या. पाय बरोबर खडूच्या फुलीवर.

"काकी, दार तिकडं हाय!" गुलाम रसूल हसत हसत ओरडला.

"पुढल्या दारानं येऊ? मी काय मतं मागायला आल्ये?"

सगळा मांडव हसला. गुलाम रसूलही हसला, पण मग त्याचा चेहरा उतरला. तो माझ्या कॅमेऱ्यांसमोरच उभा होता, म्हणून मला दिसला.

"मॅडम, जुन्या घरात हाय तसं मागलं दार मीच काढायला सांगितलं," तो म्हणाला. "विसरलं नाय. मी दर्यावर. घरात अम्मा आणि ही. तिकडं झोपायला बंकवर पडलो की मनात येतं, मागलं दार लावलं असंल काय? दारच नसंल तर ती काळजीच नाय. उद्या चौथऱ्याची आखणी, परवा माझी गाडी. बदल नको आता."

बरोबर की चूक, ते मला तरी कुठे सांगता येणार होतं? माणूस काळजीनंच भिंत घालत होता. पण त्या भिंतीमागे यमुनाबाई राहणार होत्या. तेल संपलं की मिळणारी वाटी होती, ताप आला की कपाळावर येणारा हात होता, दुपारचं बोलणं होतं. एवढं सगळं एका भिंतीनं पलीकडे जाणार होतं, आणि चौथरा एकदा चढला की मग चिरा हलवायचा कोणी?

जन्नत पुढे झाली. आवाज अगदी साधा, मीठ आहे का विचारावं तसा.

"अहो, तुमच्या इंजिनखोलीतून भायेर यायला वाटा किती?"

"दोन," तो चटकन म्हणाला. "एक रोजची शिडी, आणि दुसरी अडचणीला. ती नसंल तर जहाज बंदरातून सोडतच..."

तो खडूच्या फुलीकडे बघू लागला.

"बघ बाबू," यमुनाबाई म्हणाल्या, "इंजिनाला दोन, नि बायकोला एक?"

हसू आलं, पण या वेळी कोणी मोठ्यानं हसलं नाही. मृणालीनं मला उचललं आणि गुलाम रसूलच्या डोळ्यांवर चढवलं. तो ओट्याशी उभा राहिला. समोर भिंत, डावीकडे भिंत, आणि बाहेर जायला मधल्या खोलीतून लांबचा वळसा. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दर्यावर्दी माणूस, बंद खोली त्याला लगेच ओळखू येते.

मग मृणालीनं फोनवर बोटं हलवली, आणि माझ्या आतल्या भिंतीत एक दार उघडलं. फार मोठं नाही, एका बाईला दोन्ही हातांत टोप धरून जाता येईल एवढं. बाहेर एक पायरी, धुण्याचा दगड, आणि पलीकडे उजेडच उजेड.

गुलाम रसूल त्या पायरीपर्यंत गेला आणि परत ओट्याशी आला. माझी आतली गादी ओली झाली.

"घाम आलाय," तो म्हणाला.

मित्रांनो, घाम कपाळावरून खाली येतो. हे पाणी डोळ्यांतून गालाकडच्या गादीत झिरपलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही, आज तुम्हांलाच सांगतो आहे.

"दार फणसाचं पायजे," मला उतरवून तो म्हणाला. "आतून दोन अडसर. बाहेर दिवा. आणि काकी, दिवा लागला नाय तर तुमी हाक मारायची."

"मी रोजच मारत्ये की! तुला दर्यावर ऐकू येत नाय, त्याला मी काय करू?"

आणि कुंपणाकडे परत जाताना त्या पुटपुटत गेल्या. त्यांना अशा ओव्या आपोआप सुचतात, चालता चालता:

पुढल्या दारी बाई, सोयरे नि पाहुणे,
मागल्या दारी सये, तुझे-माझे येणे-जाणे.

दुसऱ्या दिवशी आखणीसाठी चुन्याची फक्की पडली, तीत मागल्या दाराची जागा मोकळी सोडलेली होती. गुलाम रसूल गेला. चौथरा चढला, चिऱ्यावर चिरा बसला.

माझे दिवस मात्र पुढे थोडे वाईट आले. पावसाळ्यात कोकणात बांधकामं थांबतात. मी लोखंडी कपाटात पडून राहिलो. आपल्याकडची पावसाळी हवा तुम्हांला ठाऊकच आहे. पापडाला ती सोडत नाही, मला काय सोडणार? माझ्या भिंगांवर बुरशीची बारीक जाळी आली. बॅटरी पार रिकामी झाली. तशात ऑफिसात नवा हेडसेट आला, माझ्याहून हलका, माझ्याहून झळझळीत. मी कपाटाच्या फटीतून त्याचं कौतुक ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, थोडं पोटात दुखलं.

गणपती झाले, ऊन पडलं, आणि एके दिवशी मृणालीनं कपाट उघडलं. मला बघून तिनं जीभ चावली. मऊ कापडानं, फुंकर न मारता, हलक्या हातानं तिनं माझी भिंगं पुसली. जाळी बरीचशी गेली. डाव्या कोपऱ्यात एक ठिपका राहिला, तो आता माझ्याबरोबरच जाईल. चार्जर लावला. माझा दिवा लुकलुकला, तेव्हा ती एखाद्या पोरासारखी ओरडली, "जिवंत आहे!" नवा हेडसेट ऑफिसात राहिला आणि वाडीवाडीतलं काम माझ्याकडे आलं. चिखल, कोंबड्या, पोरं, मासळीचे हात, हे सगळं मला चालतं. त्याला अजून सवय नाही.

आणि मग जन्नतचं घर पुरं झालं, त्या दिवशी मृणाली मला पिशवीत घालून तिथं घेऊन गेली. जे मी हवेत दाखवलं होतं, ते पहिल्यांदाच मी दगडाचं पाहत होतो. भिंती खरंच अडवत होत्या. पोरांनी हात लावून खात्री करून घेतली.

गुलाम रसूलचा जहाजावरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर तेलानं माखलेला चेहरा. "जन्नत, पुढल्या दाराची ती बेल कशी वाजते गं? मुद्दाम सिंगापूरवरनं पाठवल्येय. पाखरासारखा आवाज हाय म्हणतात."

"म्हायत नाय," जन्नत म्हणाली.

"म्हणजे? अजून कोण आलंच नाय?"

जन्नतनं फोन फिरवला. स्वयंपाकघर बायकांनी गच्च भरलं होतं. मागल्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. यमुनाबाई उंबऱ्यात बसून नारळ खवत होत्या. त्यांनी फोनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आमी सगळ्या आल्येव. तुझी बेल तेवढी राह्यली. तू आलास की तूच वाजव!"

तिकडे जहाजावर तो इतका हसला की मागून कोणी तरी त्याला काय झालं म्हणून विचारायला आलं.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुमच्या हाती येतील तेव्हा त्यांना जपा. आमची भिंगं उन्हाकडे करून ठेवू नका. सूर्य भिंगातून आत शिरतो आणि पडदा कायमचा जाळतो. पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा, आणि अधूनमधून बाहेर काढून चार पावलं फिरवून आणा. पण त्याहून एक गोष्ट अधिक जपा. कोणी तुमच्यासाठी घर आखलं, की नुसतं बघून 'छान' म्हणू नका. त्यात काम करून बघा, पाणी टाकून बघा, शेजाऱ्याला बोलावून बघा. आणि कोणाचे पाय भिंतीकडे वळले, तर त्याला हसण्याआधी तिथं खडूनं एक फुली मारा.