गळ्यापर्यंत काँक्रीट

पाण्याची ती टाकी आतून पार सडली होती. काँक्रीटचे पोपडे सुटलेले, आतल्या सळया गंजून फुगलेल्या. सडका भाग फोडायचा, सळया घासायच्या, त्यावर नवी जाळी बांधायची आणि हवेच्या जोराने नवं काँक्रीट फवारायचं. घरचीच तीन माणसं हे काम करत. दादा नोझल, म्हणजे फवारणीच्या पाइपाचं तोंड, धरायचा. दाजी, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा, शेजारी उभा राहून हवेच्या लोखंडी नळीने उडालेली खडी फुंकून काढायचा. बहीण टाकीबाहेर मशीनवर. सिमेंट-खडीचा माल आणि हवा दोन्ही तिच्या हाती.

त्या दिवशी तिचा डावा हात प्लास्टरात होता. "न्हाणीत घसरले," म्हणाली. पण गळ्यावर चार बोटं उमटली होती, आणि न्हाणीला बोटं नसतात, एवढं दादाला कळत होतं. तरी तो मास्क चढवून टाकीत उतरला. वाईट शब्द ओठांवर आला तर देवाचं नाव घेऊन गिळणारा माणूस तो.

दुपारी माल भरायला मशीन थांबलं. दाजीने मास्क वर सारला आणि हसला.

"बघा मेहुणे, एका हातावर कशी मशीन हाकते. उगाच दोन दिले होते देवाने."

"तुम्ही मोडलात हात?"

"मग काय शेजाऱ्याने? तुम्ही वळण लावलं नाहीत, ते काम माझ्या गळ्यात पडलं. आज घरी गेल्यावर दुसऱ्या हाताचं बघू."

दादाने पाइपावर दोन ठोके दिले. चालू कर. बाहेर बहिणीने हवा सोडली, रबरी होज फुगून सापासारखा वळवळला आणि दादा भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

पहिला झोत दाजीच्या गुडघ्यांवर बसला. तो आडवा झाला, पण रेडाच तो, लगेच उठला आणि हातातली लोखंडी नळी त्याने दादाच्या कानशिलात हाणली. मास्कची काच फुटून गालात घुसली. डाव्या डोळ्याला सगळं लाल दिसू लागलं. दादाने नोझल सोडलं नाही. दुसरा झोत छातीवर. दाजी मागे जाळीवर आदळला, तारांची टोकं पाठीत रुतली, शर्ट अडकला. खडी कातडी सोलत होती. ओलं काँक्रीट पोटावरून वर चढू लागलं, दोन्ही हात जाळीला थापले गेले.

"दादा, नको," दाजी ओरडला. आजवर त्याने कधी दादा म्हटलं नव्हतं.

काँक्रीट गळ्यापर्यंत आलं. आणखी वीतभर, की तोंड बंद, नाक बंद. सांगताना जीभ जड होते, पण त्या घटकेला दादाच्या मनात देव नव्हता. त्याने नोझल वर उचललं.

आणि हवाच मेली. होज लोळागोळा होऊन पडला. शिडी एका हाताने धरत बहीण खाली उतरली.

"माल भिंतीवर बसतानाचा आवाज नव्हता तो," ती म्हणाली. "मला कळतो."

"वर जा. चालू कर."

"करते की. मग तुला धरून नेतील. मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

"बडबड नंतर," दाजी जाळीवरून खेकसला. "सोडव आधी. मग बघतो तुला."

बहिणीने पाण्याची बादली त्याच्या तोंडावर ओतली, डोळ्यांतलं सिमेंट धुतलं. मग थापीने ओलं काँक्रीट खरवडून काढलं, शर्ट फाडला, तारांतून त्याला ओढलं. पाठीवरून रक्ताचे ओघळ आले. तो गुडघ्यांवर पडला. खाली पडलेली लोखंडी नळी तिने उचलली आणि त्याच्या हनुवटीखाली टेकवली.

"घरी यायचं नाही. कपडे उद्या रस्त्यावर मिळतील. पुन्हा माझ्या अंगाला हात लावलास, तर या खेपेसारखी मी हवा बंद करणार नाही."

दाजीने दादाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचा हात हलत नव्हता. तो रांगत शिडीशी गेला आणि एकेक पायरी चढून बाहेर पडला.

दादाने नोझल खाली टाकलं. तो तिथेच ओल्या खडीत बसला आणि हात जोडून हुंदके देऊ लागला.

"हात खाली घे," बहीण म्हणाली आणि त्याच्या गालातली काच नखांत धरली. "आणि हलू नकोस."