सलूनवाल्याचं सरळ तोंड

मित्रांनो, मला दोन दात आहेत आणि दोन्ही झिजलेले आहेत. मी फरशी तोडायची पक्कड. आपली कहाणी सांगायला बसल्या की सगळ्या जुन्या वस्तू फार गोड बोलतात म्हणे. मला ते जमायचं नाही. चावणं हाच माझा धंदा, तेव्हा मधेच चिमटा बसला तर रागावू नका.

एका कारखान्यात लालभडक तापलेल्या पोलादातून माझा जन्म झाला. घणाचे घाव सोसले, सहाणेच्या चाकावर दातांना धार लावून घेतली, मग दोन मुठींच्या मधे स्प्रिंग बसली आणि मी कामाला लागले. माझा पहिला मालक फरशी बसवणारा मिस्त्री होता. नळाभोवती, दाराच्या चौकटीशी, जिथे सबंध फरशी बसत नाही तिथे मी तिचा कोपरा कुरतडून द्यायची. संध्याकाळी तो मला फडक्याने पुसायचा आणि स्प्रिंगला तेलाचा थेंब द्यायचा. एकदा शेजारच्या मिस्त्रीने मला उसनी मागितली. "घराची किल्ली माग, पक्कड मागू नकोस," असं माझ्या मालकाने त्याला तोंडावर सांगितलं. एवढं कौतुक मला पुढे आयुष्यात मिळालं नाही.

मग मिस्त्रीचे गुडघे गेले आणि त्याने मला वस्तीतल्या युवक केंद्राला देऊन टाकलं. तिथून माझे हाल सुरू झाले. पत्र्याच्या छपराची लांबट खोली, मधे मोठी टेबलं, आणि मिसरूड फुटलेली मुलं व त्यांच्याच वयाच्या मुली. कुणी माझ्याने बाटलीची झाकणं उघडली, कुणी खिळे उपटले. तेलाचं तर नावच काढू नका. या पोरांना वळण लावायला एक चित्रकार बाई यायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत.

ताईंच्या डोक्यात एक मोठं काम होतं. रस्त्याखालून जाणाऱ्या बोगद्याच्या भिंतीवर वस्तीतल्या माणसांचे चेहरे करायचे, सगळे फरशीच्या तुकड्यांचे. प्रत्येकाने आपल्या घरातलं एक माणूस निवडायचं. ताईंची पद्धत अशी की चेहरा आधी खाकी कागदावर आरशातल्यासारखा उलटा काढायचा आणि त्यावर तुकडे पिठाच्या खळीने पालथे चिकटवायचे. रंगीत बाजू कागदाकडे, मातकट पाठ आपल्याकडे. मग गिलाव्याच्या ओल्या भिंतीवर अख्खा कागद दाबायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी मारून कागद सोलायचा. तोवर आपण काय केलंय ते करणाऱ्यालाही धड दिसत नाही. डावं-उजवं तर निम्म्या पोरांच्या डोक्यातच शिरत नसे. पैलवान नावाचा एक काडीसारखा मुलगा होता. त्याने आपल्या काकांचा चामखीळ दरवेळी चुकीच्या गालावर बसवला, आणि दरवेळी ताईंनी तो उखडायला लावला.

चष्मीचं मात्र कधीच चुकलं नाही. जाड भिंगांची, अबोल मुलगी. तिच्या हातात मी गेले की मला मिस्त्रीची आठवण यायची. ती तांदळाएवढा तुकडासुद्धा माझ्याकडून सरळ तोडून घ्यायची. ताई तिचा कागद सगळ्यांपुढे धरून म्हणायच्या, "बघा जरा, डोळे उघडे ठेवून काम केलं की असं होतं." असं बोलणं ऐकून कुणाचं पोट दुखत नाही? पैलवानाचं फार दुखायचं.

चष्मी आपल्या वडिलांचा चेहरा करत होती. त्यांचं सलून होतं. दोन वर्षांमागे त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय वाचले, पण तोंडाची डावी बाजू खाली ओघळली ती ओघळलीच. दुकानात आरशात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर त्यांचं वाकडं तोंड दिसायचं. गिऱ्हाइकं चुळबुळायला लागली. गल्लीतली पोरं दारातून जाताना तोंड वाकडं करून दाखवायची, आणि त्यात पैलवानाचा हात कुणी धरत नसे. एक दिवस त्यांनी शटर ओढलं, आरसा घरी आणून भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि गळ्यातला मफलर नाकापर्यंत वर घेतला.

चष्मीने लग्नाच्या फोटोवरून त्यांचं तोंड सरळ केलं. जिवणीची दोन्ही टोकं सारखी, किंचित वर. बाबा भिंतीवर स्वतःला असं बघतील, मग बाहेर पडतील, मग दुकान उघडतील, असा तिचा हिशेब होता. आठवडाभर मागे लागून तिने त्यांच्याकडून यायचं कबूल करून घेतलं.

कागद भिंतीवर चढवायच्या दिवशी दुपारी ती घरी गेली, बाबांचा विचार बदलला नाही ना ते बघायला. पैलवानाला तेवढी सवड पुरली. त्याने ओला बोळा फिरवून ओठांची खळ सोडवली, तुकडे उचकटले आणि मला हातात घेतलं. दोघं-तिघं दाराशी उभे राहून हसत होते. मी तोडत गेले, तो लावत गेला. ओठ एका बाजूने घसरला, गाल लोंबला. आणि मित्रांनो, गंमत बघा, उलटं लावायचं भान त्याला त्या दिवशी पहिल्यांदा राहिलं. बाजू अचूक. चष्मी परत आली तेव्हा गवंडी कागद भिंतीवर दाबून हात धूत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोगद्यात अख्खी वस्ती जमली. ताईंनी सांगितलं, "यातला एकूण एक तुकडा ज्याने-त्याने स्वतःच्या हाताने लावलाय. दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं नाही." टाळ्या झाल्या. सलूनवाला इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभा होता. लेकीने त्याला म्हटलं होतं, "बाबा, उद्या मफलर लागणार नाही तुम्हाला." म्हणून त्याने तो काढून हातात घेतला.

कागद कपाळापासून सोलत आणला. कपाळ, भुवया, डोळे. "अरे, हा तर आपला सलूनवाला," कुणीतरी कौतुकाने म्हणालं. त्याचा चेहरा उजळला. मग नाक. मग तोंड.

आधी एक बाई फिसकन हसली. मग मागची पोरं. एक वाकडं तोंड भिंतीवर आणि त्याच्याशेजारी दुसरं, उघडं. लोकांनाही दोन्हीकडे बघून घ्यायचा मोह आवरेना. सलूनवाला मफलर न बांधताच निघून गेला.

चष्मीने बोगद्यात मांडलेल्या हत्यारांतून मला ओढलं आणि त्या ओठांवर घातलं. गिलावा रात्रीत दगडासारखा झाला होता. ओठ जागचा हलला नाही, माझ्या एका दाताचा टवका मात्र उडाला. ताईंनी तिला धरून बाजूला केलं, तशी ती मला मुठीत घेऊनच घरी धावली.

बाबा स्टुलावर बसले होते.

"बाबा, ते मी नाही केलं. पैलवानाने केलं. मी दुपारी इकडे आले होते ना, तेव्हा."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तू असं करायची नाहीस, एवढं कळतं मला."

तिच्या जिवात जीव आला. ती भडाभडा बोलायला लागली. "मी अगदी सरळ केलं होतं, बाबा. लग्नाच्या फोटोतल्यासारखं. दोन्ही बाजू सारख्या."

"का?"

"का म्हणजे?"

"सरळ का केलंस? दोन वर्षं मी तुझ्यासमोर बसून या तोंडाने जेवतोय. हे भिंतीवर लावण्याजोगं नाही वाटलं ना तुला?"

"तसं नाही हो. तुम्ही दुकान उघडावं म्हणून..."

"त्या पोराने निदान माझ्याकडे बघितलं. बाजूसुद्धा चुकवली नाही त्याने. तू फोटोकडे बघितलंस."

ते चिडले नव्हते. चिडले असते तर तिला रडता तरी आलं असतं. त्यांनी मफलर नाकापर्यंत बांधला आणि गाठ नीट आहे का ते चाचपून बघितलं.

ताईंनी ओठ पुन्हा करून द्यायची तयारी दाखवली. बाबांनी निरोप धाडला, राहू दे. दुकान उघडलं नाही, आता तिथे मोबाइलवाला बसतो. चष्मी मला केंद्राच्या पायरीवर ठेवून गेली आणि पुन्हा फिरकली नाही. तिचं टेबल पैलवानाला मिळालं. बोगद्यात थांबून लोक फोटो काढतात, आणि सगळ्यांत जास्त त्याच चेहऱ्याचे काढतात. किती जिवंत आहे, म्हणतात.

मी आता खोक्याच्या तळाशी गंजत पडलेय. मित्रांनो, कहाणीच्या शेवटी आम्ही वस्तू काहीतरी मागतो, तसं मीही मागते. आम्हाला पुसत जा, तेलाचा थेंब देत जा. पण कधी कुणाचं तोंड करायला बसलात, प्रेमाने बसलात तरी, तर आधी उठून त्याच्याकडे जा आणि विचारा, कसं हवंय. सलूनवाला कात्री लावण्याआधी दर गिऱ्हाइकाला हेच विचारायचा. त्याला मात्र कुणी विचारलं नाही.