विहीरगावचा काटा

मनोहररावांची गाडी उमरेडला कधी पोचलीच नाही. प्रताप नगरातून सकाळी ऐटीत निघायची, दिघोरी ओलांडायची, आणि विहीरगावजवळ खड्डे लागले की तापमानाचा काटा उडी मारून लालवर बसायचा. मनोहरराव तिथूनच गाडी फिरवायचे. उभा जन्म कोषागारात गेलेला माणूस, ताकही फुंकून पिणारा. मग गाडी घरी ठेवून नवराबायको एसटीनं उमरेडला जायची, आणि वच्छलाबाईंच्या माहेरी मेहुणे चंपतराव हमखास विचारायचे, "आले का जी गाडीवाले, एसटीनं?"

वच्छलाबाईंची हौस तरी केवढी, तर माहेरच्या दारात आपल्या गाडीतून उतरायचं. इंजिनासाठी पाण्याची कळशी मांडीवर धरून त्या बसायच्या. काटा चढला की खाली उतरून बॉनेटवर तळहात टेकवायच्या.

"अवो, तापली नाही ना गाडी. माहा तवा याच्याहून जास्त तापते."

"मंग काटा खोटा बोलते का?"

त्या कळशी मांडीवर घेऊन पुन्हा आत बसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या, आणि मनोहररावांना घर खायला उठू लागलं. आता उमरेडहून सासूबाईंचा, बायजाबाईंचा, निरोप आला होता की जावई, एकदा येऊन जा. पण एसटीत शेजारी परका माणूस बसणार, हे त्यांच्या जिवावर आलं. जायचं तर गाडीनंच, असं ठरवून त्यांनी चौकातल्या बळीराम मिस्त्रीला बोलावलं.

"काका, तुम्ही आत बसा," बळीराम म्हणाला. "चावी फिरवा, पण गाडी चालू नका करू. मी तारा हलवून राहिलो, तुम्ही काटा सांगा."

मनोहरराव बसले. काटा तळाशी निपचित पडला होता.

"आता?"

"लालवर गेला."

"आता?"

"खाली आला."

बळीरामनं बॉनेटमागून डोकं काढलं. "पत्र्यातून तार येते, तिथं सोलली हाय. खड्ड्यात पत्र्याले लागली का काटा वर. तापण्याशी त्याचं काही घेणंदेणं नाही, काका. इंजिन तर आता थंडगार हाय." त्यानं तारेवर काळी पट्टी गुंडाळली. काम संपलं.

मनोहरराव गाडीतून उतरेचनात. इतकी वर्षं त्यांनी काट्यावर विश्वास ठेवला होता, चुलीपुढं जन्म काढलेल्या हातावर नाही. एकदा तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला असता तरी कळलं असतं. त्यांना रडू आवरेना. बळीराम बिचारा पाना शोधत असल्यासारखा खाली वाकून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. कळशी भरून शेजारच्या सीटवर ठेवली होती, कलंडू नये म्हणून वच्छलाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. विहीरगावला गाडी दणदणली. काटा मध्यावरच राहिला. तरी त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि बॉनेटवर तळहात टेकवला. पत्रा ऊन होता, पण हात ठेवता येत होता.

"तुहंच खरं होतं वं," ते भर रस्त्यात मोठ्यानं म्हणाले. पुढचा रस्ता त्यांनी आजवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिला होता.

उमरेडला दारात गाडी थांबली. आवाज ऐकून बायजाबाई भिंत धरत बाहेर आल्या. एका हातात भाकरतुकडा होता. जावयाकडे न बघता त्या वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेल्या.

"आई, तिकडं कोणी नाही," मनोहरराव म्हणाले.

"ठाऊक हाय मले. पण तिले कबूल केलं होतं, गाडीनं आली का ओवाळून घेईन म्हणून."

त्यांनी बंद काचेवरून भाकरतुकडा ओवाळला. मनोहररावांनी आतून हात लांबवला आणि ते दार उघडून दिलं.