कुसाबाईंचा नवस

घोटीजवळचा जो डोंगर खडीसाठी फोडला जाणार होता, तो शेवटी आमच्या ट्रस्टनं विकत घेतला. खरेदीखत झाल्यावर मी पहिल्यांदाच एकटी वर गेले. फाल्गुनातलं ऊन, कमरेइतकं वाळलेलं गवत आणि सुसाट वारा. एका ठिणगीचं काम होतं, आणि आमची सगळी रोपं त्या गवतातच होती.

माथ्यावरच्या कातळावर कुसाबाई उकिडव्या बसल्या होत्या. ती रोपं त्यांनीच जगवली होती, उन्हाळाभर डोक्यावरून हंडे वाहून. आज त्यांच्या हातात काडेपेटी होती.

"कुसाबाई! अहो, वेड लागलंय का तुम्हाला? ठेवा ती खाली!" मी ओरडले. पळायचं तर पायवाटही गवतातूनच जात होती.

"नवस हाय, ताई," त्या शांतपणे म्हणाल्या. "खाण टळली तर डोंगर पेटवीन, असं देवीला बोलले व्हते. फेडला नाय तर ती कोपंल."

"वाचवलेला डोंगर जाळायचा? हा कसला नवस?" मी झडप घालून काडेपेटी हिसकावली आणि तिथंच मटकन बसले. काडेपेटी माझ्या मुठीत होती.

कुसाबाईंनी माझा दंड धरून मला कातळावर ओढलं.

"गवतात बसू नका, ताई. नवस काय मी एकटीनं बोलला व्हता? सगळ्या गावानं बोलला व्हता."

वारा गावाकडून येत होता. त्याला धुराचा वास होता.