इंजिनाच्या कुशीतली तोटी

“तोटी उघडली म्हणजे झालं, असं समजू नकोस. तार घाल आत. गंजाचा गाळ बाहेर पडेपर्यंत टोचत राहा, मगच पाणी येतं.”

दर हिवाळ्यात, इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून सोडून देताना, नवरा हे सांगायचा आणि दर हिवाळ्यात ते काम स्वतःच उरकायचा. त्यामुळे तिने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. आज शेडमध्ये ट्रॅक्टरखाली आडवी पडून, हातात तार धरून, तिला ते शब्दन्‌शब्द आठवत होतं.

ट्रॅक्टर तिच्या लग्नाआधीचा. घरात त्याला ‘थोरली’ म्हणत आणि तिला धाकटी. “सवतीची सेवा चाललीय होय?” असं कुणी विचारलं की ती म्हणे, “चाललीय बापडी. निदान ती उलटून तरी बोलत नाही.”

नवऱ्याने पानगळीत अंथरूण धरलं ते धरलंच. डॉक्टरांनी हात टेकले. त्याचं एकच मागणं होतं, थोरलीचा आवाज एकदा ऐकायचा. तिने शब्द दिला होता, “चालू झाली तर खिडकी सताड उघडीन. नाही झाली तर मीच येऊन सांगेन. दुसऱ्याच्या तोंडून कळू देणार नाही.”

म्हणून थंडी ओसरताच ती आणि धाकटा दीर कामाला लागले. डिझेलचा फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या. आज तिने देवाचं नाव घेऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. पाणी वर येईचना.

“ही काय उंटीण आहे का, वहिनी? पितेच आहे!” दीर हसला. मग त्याने ऑइलची पट्टी ओढून बघितली आणि त्याचं हसू मावळलं. ऑइलमध्ये पाणी शिरून ते पट्टीवर खूप वर चढलं होतं. इंजिनाच्या कुशीला केसाएवढी रेघ होती आणि तिच्यातून थेंब पाझरत होते.

तिने कुशीतल्या तोटीत तार घातली. आधी तांबडा गाळ आला, मग पाणी.

“आता कशाला टोचताय?” दीर पुटपुटला.

हिमाचा पहिला कडाका पडला त्या संध्याकाळी, नवरा अंथरुणात म्हणून, दिरानेच दोन्ही तोट्या उघडल्या होत्या. बॅटरीचा उजेड तिने धरला होता. रेडिएटरचं पाणी भळाभळा वाहून गेलं. कुशीतल्या तोटीतून थेंबही आला नाही. “रिकामं आहे,” तो म्हणाला, आणि दोघं काकडत घरात पळाली. गाळाने तोटी बुजली होती. आतलं पाणी गोठलं, फुगलं आणि ओतीव लोखंड तडकलं.

दिराने मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीने आडपडदा ठेवला नाही. “इंजिनाचा ब्लॉक आतूनही फुटलाय. असला ब्लॉक आता भंगारातही सापडत नाही. जोड दिला तरी तापला की उकलेल. नाद सोडा.”

दीर चाकाला टेकून बसला.

“वहिनी, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणतो. खिडकीखाली चालू करू. आवाज तो आवाज. दादाला काय कळतंय आता?”

“भावजी, तुमच्या दादांना झोपेतसुद्धा थोरलीची धाप ओळखू यायची.”

“ओळखलं तर ओळखलं. मरणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललं तर देव काय रागावणार आहे?”

“देव नाही रागावणार. पण ते ओळखतील, आणि माझं मन राखायला ‘हीच गं ती’ म्हणतील. मग खोटं त्यांच्या पदरात पडेल.”

तो खालमानेने म्हणाला, “तोटी कोणी उघडली होती, असं विचारलं तर?”

“उजेड मी धरला होता. मी काय तिथे तारे मोजत होते?”

“तो काही बोलणार नाही, वहिनी. नुसता भिंतीकडे तोंड करेल.”

“करू दे.”

ऑइलने माखलेले हात तिने डिझेलच्या चिंधीने पुसले, मग साबणाने धुतले. नखांतला काळेपणा काही गेला नाही. दिराने उठून बॉनेट खाली ओढलं. ते नीट बसेना, तेव्हा तसंच सोडून दिलं.

तिने पदराने हात कोरडे केले आणि पायांचा आवाज न करता ती आतल्या खोलीकडे निघाली.