डावा पाय

एक तारा देऊन त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘एकदम भारी गेम, सगळ्यांनी खेळा.’ त्याच्या खालच्याने पाच तारे दिले होते आणि लिहिलं होतं की मोबाइल तापतो, दर दोन मिनिटांनी जाहिरात येते, कंटाळून काढून टाकला. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

माझी एकतीस वर्षं जळगावला पाइपच्या कारखान्यात टेस्टिंगला गेली. पाइपात पाणी भरायचं, दाब चढवायचा आणि तासभर काट्याकडे बघत बसायचं. टिकला तर शिक्का, फुटला तर भंगार. पाइप फुटलाही आणि उत्तमही निघाला, असं एकदाही झालं नाही. त्यामुळे पिंप्राळ्याच्या घरात ओट्यावर बसून लेकीच्या गेमबद्दल लोक काय म्हणतात ते वाचताना माझं डोकं पार चक्रावून गेलं होतं. पोरगी पास झाली की नापास, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

मेघा पुण्याला गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. चित्रातल्या माणसांना चालायला लावायचं, हे तिचं काम. या वेळी माणसं नव्हती, व्हॅम्पायर होते. ‘लाल अमावास्या’ नावाचा गेम, त्यात एक ओसाड गाव, गावात रक्त पिणारी ही मंडळी आणि त्यांना मारायला तलवार घेतलेला खेळणारा. गल्लीत कुणी विचारलं तर मी ‘कंप्युटरमध्ये आहे’ म्हणून मोकळा व्हायचो. लेक भुतं चालवते, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

जाणकारांचं तर विचारूच नका. एका इंग्रजी वेबसाइटने दहापैकी चार दिले होते, दुसरीने आठ. पहिलीला मारामारी आवडली आणि गोष्ट भिकार वाटली. दुसरीला गोष्ट आवडली आणि मारामारीचा कंटाळा आला. सगळ्यांचं एकमत फक्त एका बाबतीत होतं. पहिल्याच घरात एक म्हातारी व्हॅम्पायर आहे, ती भिंतीला धरून डावा पाय घासत चालते, आणि ही सरळसरळ बनवणाऱ्याची चूक आहे. दिल्लीच्या एका पोराने तिच्या चालण्यावर अख्खा व्हिडिओ केला होता. तो मी सुरू केला, पण त्याचं खिदळणं ऐकून लगेच बंद केला. लेकीच्या कामाला हसलेलं मला सहन होईना.

मेघाला फोन केला, तर ती शांत होती. साहेबांनी सांगितलं होतं की पुढच्या अपडेटमध्ये म्हातारी नीट चालली पाहिजे. पंधरा दिवसांची मुदत होती. नाही केलं तर पुढच्या वर्षाचा करार होणार नाही, हेही कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

“मग कर की नीट,” मी म्हणालो.

“ती चूक नाहीये, नाना. मी मुद्दाम तसं केलंय.”

“का पण?”

“तुम्ही एकदा खेळून बघा.”

मी म्हणालो, मला त्यातलं काय कळतंय, माझं वय आहे का ते. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. इतकी समजूतदार पोरगी एका म्हातारीच्या पायासाठी नोकरी घालवायला का निघाली, हे मला काही केल्या उमगेना.

कळत नव्हतं म्हणूनच मी शहाणपणा केला. आमचं गाव पाचोऱ्याजवळ. भाऊबंद मोठे, आणि सोसायटीच्या निवडणुकीला एका निरोपावर ट्रॅक्टर भरून येणारे. मी भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, आपल्या मेघाचा गेम आहे, फुकट आहे, घ्या आणि पाच तारे द्या. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्या घरी जाऊन मी स्वतः दिले. माझ्या थोरल्या बहिणीच्या, यशोदाअक्काच्या फोनवरही गेम टाकला आणि तिच्याच बोटाने पाच तारे दाबले. दोन दिवसांत त्रेसष्ट जणांचे अभिप्राय झाले. मी खूश होतो.

पण आमचे लोक ते आमचेच लोक. ‘मेघाताईंचे हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक समस्त भाऊबंद.’ ‘गावाची शान, मेघाताई तुम्ही पुढे चला.’ चुलतभाऊ झुलालने तर अभिनंदनाखाली आपल्या फवारणी पंपांच्या दुकानाचा नंबर दिला होता. चौकातला फ्लेक्सच उचलून त्या गेमखाली लावल्यासारखं झालं. गेम कसा आहे याबद्दल त्रेसष्टांपैकी एकानेही अक्षर लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दिल्लीच्या त्या पोराने हे सगळे अभिप्राय वाचून दाखवले. ‘शुभेच्छुक’ त्याला म्हणता येईना, त्यावर आणखी हशा. कंपनी खोटे तारे पैदा करते, असा बोभाटा झाला. आणि प्रत्येक अभिप्रायात नाव एकच होतं, मेघाताई. साहेबांनी तिला बोलावून विचारलं, हे तूच करवलंस का?

तिचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“नाना, तुम्ही न तपासता शिक्का मारलात,” ती म्हणाली.

मी ताट बाजूला सारलं. एकतीस वर्षांत हे मला एकाही साहेबाने ऐकवलं नव्हतं, आणि तिचं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचोऱ्याची गाडी धरली आणि ज्या घरांत तारे मागितले होते, त्याच घरांत ते काढून घ्या म्हणून सांगत फिरलो. लोक दुखावले. झुलाल दुकानातच होता. तो म्हणाला, “आम्ही बठ्ठा भाऊबंदसनी पाच पाच तारा दिधात, आनि आते काढाले सांगस?” त्याला काय सांगणार? प्रेमाने दिलेलं चालत नाही, हे मलाही नीट कळलेलं नव्हतं. मी हात जोडले.

दुपारी अक्काकडे पोचलो. अक्का बहात्तरची, एकटी राहते. पायरीवर बसून फोनमध्ये डोकं घालून होती. मी तिच्या हातातून फोन घ्यायला गेलो, तर तिने तो पदराखाली घेतला.

“काढू नको, भाऊ. मी खेळस.”

मला हसूच आलं. म्हटलं, तू व्हॅम्पायर मारतेस?

“तलवार मी हातमा लेतच नही. नुसती देखस.” आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

पडद्यावर एक अंगण होतं. घराचं दार उघडं. दारातून एक बाई बाहेर आली. चेहरा पांढराफटक, डोळे लाल, म्हणजे जे काय असायचं ते सगळं होतं. उजवा हात भिंतीवर टेकवत, डावा पाय घासत ती उंबऱ्यापर्यंत आली. तिथे थांबली, चौकटीला खांदा लावला आणि मोकळ्या झालेल्या उजव्या हाताने पदर नीट केला. मग अंगणात उतरली.

मी अक्काच्या हातातून फोन घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

मेघा नऊ वर्षांची असताना माझ्या बायकोच्या, कोकिळाच्या अंगावरून वारं गेलं. त्यानंतर सात वर्षं ती स्वयंपाकघर ते ओटा एवढंच चालली, भिंतीच्या आधाराने. ओट्यावर येण्याआधी उंबऱ्याशी थांबायची, चौकटीला खांदा लावायची आणि पदर सारखा करायची, कुणी बघत असो नसो. तिला जाऊन दहा वर्षं झाली.

“आपली कोकिळा शे ती,” अक्का म्हणाली. “तुले आते समजनं?”

मला राग आला. इतका आला की फोन अंगणात भिरकावावा असं वाटलं. जन्म देणाऱ्या आईला भूत केलं पोरीने, आणि जगाला तलवारी देऊन सांगितलं, मारा. अक्का माझ्याकडे बघत होती.

“माले बी पहिले राग उना व्हता. पन ती आठे, या फोनमा, रोज येस, भाऊ. दुसरं कोठे येस ती?”

पडद्यावरची बाई जवळ आली, सगळं लाल झालं आणि खेळ संपला. अक्काने सवयीने बोट लावून पुन्हा सुरू केला. आम्ही दोघं तिला पाच-सहा वेळा बघत बसलो. रागावू की रडू, ते ठरेना. अक्काचे पाच तारे मात्र मी काढले नाहीत. त्रेसष्टांत तेवढेच, उशिरा का होईना, तपासलेले होते.

पाचोऱ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागायला वेळ होता. मी मेघाला फोन लावला आणि म्हणालो, बघितलं.

ती म्हणाली, “रागावलात?”

“माहीत नाही गं. खरंच माहीत नाही.”

“मला आईचं तेवढंच चालणं आठवतं, नाना. त्याआधी ती कशी चालायची, ते आठवतच नाही. खूप प्रयत्न केला. हेही काढून टाकलं तर माझ्याकडे काय उरतं?”

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, जी कोकिळा मला आठवते तीच तिलाही आठवत असणार. तिच्या डोळ्यांसमोर फक्त भिंत धरणारी आई होती, आणि ती जपायला ही पोरगी नोकरीवर पाणी सोडत होती.

“तिला लोकांसमोर तसं चालायला आवडायचं नाही,” मी म्हणालो. “पाहुणे आले की उठायची नाही ती. तुझी आई फार भरभर चालायची, मेघा. बाजारात मी पिशव्या घेऊन मागे, ती पुढे. हाक मारली तरी थांबायची नाही.”

“भरभर म्हणजे कशी? आधी टाच टेकायची की पंजा?”

मी आठवून सांगितलं, टाच. मग तिने विचारलं, हात हलायचे का? खांदे कसे असायचे? खाली बघायची की समोर? मी सांगत होतो, पण तोंडाने सांगून ते काही होईना. शेवटी ती म्हणाली, “दाखवा ना.”

मी व्हिडिओ कॉल सुरू केला, फोन बाकावर पिशवीला टेकवला आणि पाचोऱ्याच्या स्टँडवर भर दुपारी माझ्या बायकोसारखा चाललो. टाच आधी, मान ताठ, डावा हात मोकळा, उजव्या मुठीत पदराचं टोक. फलाटाच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. मेघा म्हणाली, पुन्हा. पुन्हा गेलो. बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एका कंडक्टरने विचारलं, बाबा, काही हरवलं का? मी नाही म्हणालो आणि तिसऱ्यांदा चाललो. परत आलो तेव्हा फोनमध्ये मेघा रडत होती आणि रडता रडता लिहून घेत होती.

अपडेट मुदतीत आलं. मेघाचा करारही झाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या फोनवर गेम सुरू केला. दार उघडलं आणि कोकिळा बाहेर आली. भिंतीला हात न लावता, उंबरा सहज ओलांडून, ती अंगणातून माझ्याकडे इतकी झपझप आली की मला धड बघायलाही मिळालं नाही.

मग लोक काय म्हणतात ते उघडलं. जुनी लंगडी म्हातारीच बरी होती, असं आता चौघा-पाचजणांनी लिहिलं होतं. त्यात दिल्लीचा तो पोरगाही होता. एकाने एक तारा देऊन तक्रार केली होती की बाई फारच भरभर चालते, काही केल्या गाठता येत नाही.

त्याच्या खाली विचारलं होतं, हा अभिप्राय तुम्हाला उपयोगी वाटला का? मी ‘हो’ दाबलं.