इम्प्रेशनचा अर्थ

चारुदत्त सरांनी यवतमाळच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं कॉमर्स शिकवलं. मार्केटिंगचा पेपर त्यांचाच. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांची जुनी विद्यार्थिनी संगीता राठोड मोबाइल घेऊन घरी आली, तेव्हा 'मला यातलं काही कळत नाही' एवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही.

संगीता केळापूरजवळच्या बंजारा तांड्यावर राहायची. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, वेचणीला शेतात काही उरलंच नव्हतं. रिकाम्या बसलेल्या बाया आरसे आणि कवड्या लावलेल्या पिशव्या शिवू लागल्या. संगीतानं फेसबुकवर पान उघडलं, फोटो टाकले, जाहिरातही दिली. आता पानावर रोज आकडे दिसत होते, पण ते कशाचे हे तिला उमगत नव्हतं.

"इम्प्रेशन म्हणजे काय, सर?"

"छाप. ज्यांच्या मनावर आपल्या मालाची छाप पडली, ते लोक," सर म्हणाले.

एंगेजमेंट म्हणजे बोलणी पक्की झाल्यासारखं, ही माणसं माल घेणारच, असंही त्यांनी सांगितलं. अर्थ त्यांनी तिथल्या तिथे जुळवले होते, पण ते इतके नीट बसले की त्यांना स्वतःलाही खरे वाटले. एंगेजमेंटचा आकडा अकराशेच्या वर होता. संगीता खुशीत घरी गेली.

दीड महिन्यानं सरांची पुतणी गौरी पुण्याहून आली. ऑनलाइन जाहिराती करणाऱ्या कंपनीत ती नोकरीला होती. सरांनी मोठ्या कौतुकानं तिला ते पान दाखवलं. अकराशे गिऱ्हाइकं, म्हणाले. गौरी हसली नाही, म्हणूनच त्यांना जास्त लागलं. इम्प्रेशन म्हणजे फोटो कितीदा लोकांच्या स्क्रीनवर आला एवढंच, तिनं हळू आवाजात सांगितलं. एंगेजमेंटमध्ये तर लाइकचा अंगठा दाबणारे आले, फोटो मोठा करून पाहणारे आले, आणि ज्यांचं बोट चुकून लागलं तेही आले. पिशवी खरंच मागणारे तिला खालच्या कॉमेंटांमध्ये सापडले. अकरा जण.

सर त्या दिवशी नीट जेवले नाहीत. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. फोनवर सांगणं म्हणजे तोंड लपवणंच होतं. दुसऱ्या दिवशी ते पांढरकवड्याच्या एसटीत बसले आणि पुढे ऑटोनं तांड्यावर पोचले.

संगीताच्या घरात पिशव्यांचे ढीग लागले होते. तिची सासू बसंतीबाई उंबऱ्याशी बसून शिवत होती. शेजारी तिचा लग्नातला फेटिया पडला होता. आरशांनी भरलेल्या त्या लाल घागऱ्याचा अर्धा घेर कापलेला होता. एवढ्या पिशव्यांना नवं भरतकाम पुरेना, म्हणून तिनं तो आपणहून काढून दिला होता.

सरांनी संगीताला बाजूला घेतलं. बोलायला सुरुवात केली, तर तिनंच मान खाली घातली.

"मले चार दिवसांआधी मोबाइलवरच समजलं, सर. फेटिया आनखी कापू नये म्हनून तवापासून कातर लपवून ठेवली हाय. पन कोनाले सांगतलं नाही. तुमी खोटे पडले असते."

आपल्या चुकीपेक्षा हे त्यांना जास्त असह्य झालं. तांड्यावरच्या बायांना बोलवायला त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांसमोर जमिनीवर बसून खरं काय ते सांगितलं.

"मंग ते अकराशे लोकं कोन व्हते?" बसंतीबाईनं विचारलं.

"नुसते बघून गेलेले, बाई. मला अर्थ माहीत नव्हता. आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

बसंतीबाई फेटियाच्या कापलेल्या कडेवरून हात फिरवत राहिली. "इचारलं असतं कोनाले," ती म्हणाली, "तं काय झालं असतं, सर?"

त्या हिवाळ्यात सर पिशव्या घेऊन यवतमाळात ओळखीच्यांच्या दारोदार फिरले. बऱ्याचशा खपल्या.

उन्हाळ्यात संगीताच्या दिराच्या लग्नाचं त्यांना आमंत्रण आलं. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया फेटिया घालून फेर धरून नाचत होत्या. नवरदेवाची आई बसंतीबाई साध्या लुगड्यात कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. सरांना पाहून तिनं पुढे सतरंजीवर जागा करून दिली. ते मागेच, मांडवाच्या खांबाशी बसून राहिले.